समुद्रातल्या डिंभाचा डोळा आणि दिंडोरीची फवारणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका गृहस्थांचे पत्र वाचले. समुद्रातल्या किड्यांच्या पिल्लांना कसे दिसते असल्या विषयांवर विद्यापीठांतून संशोधन चालते आणि इकडे द्राक्षाला दर मिळत नाही, हा पैसा शेतकऱ्याच्या कामी का लावत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. दराबद्दलची त्यांची तळमळ मला कळते. माझ्या धाकट्या भावाची दिंडोरी तालुक्यात बाग आहे आणि बेदाण्याला माल द्यावा लागला त्या वर्षी घरात काय वातावरण असते ते मी पाहिले आहे. पण त्या पिल्लांच्या डोळ्यांवरचे संशोधन शेतकऱ्याच्या कामाचे नाही, हे मला मान्य नाही. मी सारी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात केली. त्या इवल्याशा डोळ्यात जे घडते त्यावरच आपल्या जिल्ह्यातली पुष्कळशी कीटकनाशके चालतात असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबले तर कात्री लावण्याचा अधिकार आपला आहेच.

कोकणात ओहोटीच्या वेळी कातळावरून अनवाणी चालले की तळपायाला खरवडणारे पांढरट, टोकदार कवच लागते. तो बार्नॅकल. दगडाला, जेटीच्या खांबाला, होडीच्या तळाला तो जन्मभर चिकटून असतो. पाहणाऱ्याला शिंपल्याचाच भाऊबंद वाटतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शास्त्रज्ञांचाही तोच समज होता. जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्याची पाण्यात पोहणारी पिल्ले पाहिली आणि १८३० मध्ये प्रसिद्ध केले की हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या गोतातला आहे. पुढे डार्विनने या एका प्राणिगटावर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे घालवली. त्या काळीही त्याला कुणी तरी विचारलेच असेल, की याचा उपयोग काय?

त्या पिल्लाला नॉप्लियस डिंभ म्हणतात. नुसत्या डोळ्याला तो जेमतेम ठिपक्यासारखा दिसतो. तीन जोड्या अवयव आणि डोक्याच्या मध्यावर एकच डोळा. सहा अवस्था अशा पार पडल्या की त्याचा सायप्रिस डिंभ होतो. हा काही खात नाही, फक्त जागा शोधतो, आणि जागा पसंत पडली की डोक्याकडच्या बाजूने स्वतःला कायमचे चिकटवून घेतो. सायप्रिसला संयुक्त डोळेही असतात, ते तो टाकून देतो. पण नॉप्लियसचा तो मधला साधा डोळा टिकतो. त्याचे भाग वेगळे होऊन मोठ्या बार्नॅकलचे तीन छोटे नेत्रबिंदू बनतात. ज्याला आता आयुष्यभर कुठे जायचे नाही, त्याला डोळा कशाला हवा?

याचे उत्तर आम्ही विद्यार्थ्यांना पुस्तकातून न देता कातळावरच देत असू. रत्नागिरीला अभ्याससहल गेली की समुद्र आत येण्याच्या वेळी पाण्याने भरलेल्या डबक्याजवळ मुलांना बसवायचे. बार्नॅकलची वरची झाकणे उघडतात आणि आतून पिसांच्या झुपक्यासारखे पाय बाहेर येऊन पाणी ओढू लागतात. बाहेर, आत, बाहेर, आत, एका लयीत. मग एखाद्या मुलीला सांगायचे, पाण्याला हात लावू नकोस, फक्त वरून फिरव. हाताची सावली पडते न पडते तोच पाय आत आणि झाकणे बंद. नाशिक-निफाडकडची मुले, समुद्र पहिल्यांदा पाहणारी, ती भान हरपून बघत राहत. दगडासारखा दिसणारा प्राणी आपल्याला ‘पाहतो’ हे एकदा कळले की पुढचा तास शिकवावा लागत नाही.

आता मुद्द्याचे. त्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी बोटांवर मोजण्याइतक्या असतात. उजेड असला की त्या पुढच्या चेतापेशीकडे एक रासायनिक संदेशक सोडत राहतात. तो संदेशक म्हणजे हिस्टामिन. होय, तेच हिस्टामिन, जे आपल्या अंगात वाढले की शिंका येतात, अंगावर पित्त उठते आणि आपण सेटिरिझिन घेतो. संधिपाद प्राण्यांच्या, म्हणजे कीटक, खेकडे, बार्नॅकल अशा सांध्यांचे पाय असणाऱ्यांच्या, डोळ्यात त्याच्याकडे अगदी वेगळे काम आहे. इंग्लंडमध्ये रॉजर हार्डी यांनी १९८० च्या दशकात माशीच्या डोळ्यावर काम करून दाखवले, की हिस्टामिन पुढच्या पेशीवरचा क्लोराइडचा मार्ग थेट उघडते आणि ती पेशी दबलेली राहते. अमेरिकेत अ‍ॅन स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्नॅकलमध्ये हाच संदेशक दाखवला.

म्हणजे उजेडात पुढची पेशी दबलेली. सावली पडली की हिस्टामिन सुटणे थांबते, दाब उठतो, पेशी जागी होते आणि ‘झाकणे मिटा’ हा निरोप जातो. पण संपादक महोदय, यात एक मोठी अडचण आहे. सावली पडण्याच्या क्षणाआधी जे हिस्टामिन सुटलेले आहे, ते दोन पेशींमधल्या फटीत आहेच की. ते तिथेच रेंगाळले तर पुढच्या पेशीला उजेड अजून आहे असेच वाटत राहील. फळ्यावरचे आधीचे गणित पुसल्याशिवाय पुढचे मांडता येत नाही. या सफाईसाठी त्या पेशींच्या आवरणात वाहक प्रथिने असतात, ती बाहेरचे हिस्टामिन परत आत ओढून घेतात. स्टुअर्ट यांच्या गटाने किरणोत्सारी खूण केलेले हिस्टामिन बार्नॅकलला देऊन पाहिले आणि ते प्रकाशग्राही पेशींनीच उचलून घेतल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ज्याने सोडले त्यानेच परत घेतले. फळमाशीत हीच सफाई वेगळ्या वाटेने होते. तिथे शेजारच्या आधारपेशी हिस्टामिन उचलतात, त्याला बीटा-अ‍ॅलानिन जोडून निष्क्रिय करतात आणि ते जोडसंयुग प्रकाशग्राही पेशीकडे परत पाठवतात, तिथे ते पुन्हा सुटे होते. एकच काम, दोन प्राण्यांत दोन तऱ्हा.

चेतासंदेशक परत उचलला जातो हा शोध काही किड्यांपुरता राहिलेला नाही. ज्यूलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चेतापेशी परत आत घेते हे दाखवले आणि १९७० च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा त्यासाठी होता. नैराश्यावर आज ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, फ्लुओक्सेटिन वगैरे, त्या सिरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या संदेशकाचे हे परत उचलणे अडवतात. यातून औषधही झाले, आणि विष कसे होते ते आता सांगते.

भूमध्य समुद्रात प्लॅटिनेरिस नावाचा एक वलयांकित कृमी असतो, आपल्या गांडुळाच्या संघातला. त्याच्या डिंभाचा डोळा दोन पेशींचा. एक पेशी प्रकाश घेते, दुसरीत रंजकद्रव्य असते, ती एका बाजूने आडोसा धरते. बस्स, एवढाच डोळा. यात चित्र उमटत नाही. उजेड कोणत्या बाजूला आहे एवढेच कळते. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत गास्पार येकेली, डेटलेफ आरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की त्या प्रकाशग्राही पेशीचा तंतू मेंदूत न थांबता सरळ डिंभाच्या अंगावरच्या पक्ष्माभिकांच्या, म्हणजे पोहण्यासाठी हलणाऱ्या बारीक केसांच्या, पट्ट्यापर्यंत जातो. एका डोळ्यावर उजेड पडला की त्या बाजूच्या पक्ष्माभिकांची हालचाल बदलते आणि मळसूत्रासारखा फिरत पोहणारा डिंभ उजेडाकडे वळतो. त्या जोडणीवर निरोप पोहोचवते ते अ‍ॅसिटिलकोलिन.

अ‍ॅसिटिलकोलिन हा शब्द द्राक्षबागायतदारांनी कदाचित ऐकला नसेल, पण त्याच्याशी त्यांची गाठ रोज पडते. हिस्टामिन जसेच्या तसे उचलले जाते, तसे अ‍ॅसिटिलकोलिनचे होत नाही. त्याला फटीतच एक विकर (एन्झाइम) तोडते, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, आणि तुटलेल्यातले कोलिन पेशी परत उचलून पुन्हा वापरते. ही तोड इतकी जलद असते की स्नायूला दिलेला निरोप क्षणात संपतो. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस अशी जी ऑरगॅनोफॉस्फेट औषधे आहेत ती नेमके हे विकर निकामी करतात. निरोप पुसलाच जात नाही. किडीचे स्नायू आकडतात, मग लुळे पडतात. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधे विकराला हात लावत नाहीत, ती अ‍ॅसिटिलकोलिनच्या जागेवर स्वतःच जाऊन बसतात. थ्रिप्ससाठी मारतात ते इमामेक्टिन हिस्टामिनच्या मार्गाच्याच कुळातला दुसरा क्लोराइडचा मार्ग, ग्लुटामेट या संदेशकाने उघडणारा, उघडा ठेवते. उडद्या, मिलीबग, थ्रिप्स यांच्यासाठी आपण जे जे ब्लोअरच्या टाकीत ओततो, त्यातले पुष्कळसे अशाच कुठल्या ना कुठल्या जोडणीवर जाऊन बसते.

आणि हे विकर किडीत आहे तसे माणसातही आहे. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट. भावाच्या शेजारच्या बागेत एक गडी पाठीवरच्या पंपाने कडेच्या ओळी मारत होता. तोंडाला साधा रुमाल, हातमोजे नाहीत, पंपाचे झाकण गळके, पाठ भिजलेली. दुपारी तो बांधावर येऊन बसला. घामाने थबथबलेला, तोंडातून लाळ, आणि एकच सांगत होता, “ताई, अंधारून आलंय, दिसंना झालंय.” ऊन लख्ख होते. दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी मारली तेव्हा मी डोक्याशीच उभी होते. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. बाहुली आकसवणाऱ्या स्नायूलाही अ‍ॅसिटिलकोलिनच निरोप देते आणि तो निरोप पुसला जात नव्हता. अ‍ॅट्रोपिन सुरू केले, रात्र काढली, माणूस वाचला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, औषध कोणते? बाटली आणली तर लेबल भिजून लगदा झालेले. त्रिकोण तेवढा दिसत होता. तो विष किती जहाल आहे ते सांगतो, शरीरात कुठे काम करते ते सांगत नाही. उताऱ्याचे नाव माहितीपत्रकात असते, पण ते बारीक अक्षरांतले पत्रक खोक्याबरोबर दुकानाच्या मागेच पडलेले असते. मग कळले, की आदल्या आठवड्यात मारलेले औषध वेगळ्या नावाचे असले तरी तेही ऑरगॅनोफॉस्फेटच होते. बागायतदाराची समजूत अशी, की औषध बदलून मारले. बदलले होते फक्त कंपनीचे नाव. त्या गड्याच्या अंगातले विकर आधीच खालावलेले असताना त्यावर दुसरा डोस बसला असणार. किडीचेही तसेच. एकाच गटाचे औषध तीन नावांनी मारले की त्या गटाला दाद न देणाऱ्या किडीच मागे उरतात, आणि शेतकरी म्हणतो औषधात भेसळ आहे. भेसळ कधी असतेही, पण प्रत्येक वेळी नसते.

समुद्र नाशिकपासून लांब आहे म्हणून नॉप्लियसचा डोळाही लांब आहे, असे त्या गृहस्थांना वाटत असेल तर त्यांनी शेततळ्यातले भांडेभर पाणी आणून त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. सायक्लॉप्स दिसेल. डोक्यावर मधोमध एकच लालसर डोळा, मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. त्या अंड्यांतून निघतो तो नॉप्लियसच, बार्नॅकलच्या पिल्लाचा गोड्या पाण्यातला नातेवाईक, त्याच एका डोळ्याचा. माझ्या वयाच्या लोकांना सायक्लॉप्स वेगळ्या कारणाने आठवेल. पायविहिरीच्या पाण्यातून तो पोटात गेला की नारू होत असे. पायातून हळूहळू काडीवर गुंडाळून काढलेला नारूचा लांब जंत ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरणार नाहीत. पाणी फडक्याने गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवू नका, हे गावोगाव सांगितले गेले आणि विहिरींत टेमेफॉस टाकले गेले. टेमेफॉस हेही ऑरगॅनोफॉस्फेट. सायक्लॉप्सच्या चेतासंस्थेतले तेच विकर त्याने बंद पाडले. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० मध्ये जाहीर झाले. एक प्राणी कसा जगतो आणि त्याच्या चेतापेशींत निरोप कसा पुसला जातो हे कुणी तरी बिनकामाचे वाटणारे संशोधन करून ठेवले होते, म्हणून हे जमले.

तेच ज्ञान उलट्या बाजूनेही वापरायला हवे. ब्लोअर आणि टाक्या आपण कुठे धुतो? ओहोळावर, नाहीतर शेततळ्याच्या काठी. दिंडोरी-निफाडचे पाणी कादवेत जाते, कादवा नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. हे पाणथळ क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले. हिवाळ्यात पक्षी बघायला तिथे सगळे नाशिक लोटते. ते पक्षी ज्यांच्यावर जगतात त्या माशांची पिल्ले सायक्लॉप्स आणि डॅफ्निया या बारीक कवचधारी जीवांवर वाढतात, आणि ही मंडळी उजेड-अंधाराच्या निरोपावर पाण्यात वर-खाली होत असतात. एखादे औषध पाण्यातल्या जीवांना किती घातक हे बहुतेकदा डॅफ्नियावर तपासतात. पण इमिडाक्लोप्रिडला डॅफ्निया बऱ्यापैकी सहन करते आणि पाण्यात वाढणाऱ्या काही कीटकांची पिल्ले फार कमी मात्रेला बळी पडतात. कोणाच्या जोडणीवर काय बसते हे प्रत्येक गटात पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून तर समुद्रातल्या कृमीच्या डिंभापर्यंत जावे लागते.

शहराचाही यात वाटा आहे, सगळे खापर बागायतदारावर फोडू नये. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान कवचधारी प्राण्याला फ्लुओक्सेटिन अत्यल्प मात्रेत, लिटरला नॅनोग्रॅममध्ये मोजावे इतके, दिले तर तो उजेडाकडे जास्त जाऊ लागतो, असे पोर्टस्मथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. जो अंधारात दडून जीव वाचवतो तो उजेडात आला तर माशाच्या तोंडी जाणार. सिरोटोनिन परत उचलले गेले नाही, एवढाच फरक. ज्यांना डॉक्टरांनी या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी कृपा करून त्या बंद करू नयेत, त्या जीव वाचवतात. पण उरलेल्या, मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकून पाणी ओतणे आपल्याला थांबवता येते.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे, ती मान्य झाली तर या पत्राचे सार्थक होईल. शेतीच्या पानावर आपण दर आठवड्याला फवारणीचा सल्ला छापता. औषधाचे नाव, लिटरला किती मिली, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे सगळे असते. त्यातच प्रत्येक औषधापुढे त्याचा गट क्रमांक छापावा. औषध किडीत कुठे काम करते त्यावरून हे क्रमांक जगभर ठरलेले आहेत. ऑरगॅनोफॉस्फेट १बी, निओनिकोटिनॉइड ४ए, अबामेक्टिन आणि इमामेक्टिन ६. सोबत एक ओळ, की हे अमुक संदेशकाची सफाई अडवते किंवा अमुक मार्ग उघडा ठेवते. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली शास्त्रज्ञ मंडळी हे काम आनंदाने तपासून देतील. निर्यातीच्या मालावर अंश किती राहिला याची धास्ती आपल्या बागायतदाराने २०१० मध्ये चांगलीच अनुभवली आहे, त्यामुळे पत्रक नीट वाचणारे खूप जण आहेत. त्यांना गट कळला तर ते एकाच गटाची तीन औषधे पाठोपाठ मारणार नाहीत, आणि गड्याला दवाखान्यात न्यावे लागले तर बाटली भिजलेली असली तरी “१बी मारत होता” एवढे तरी सांगता येईल.

आणि त्या पत्रलेखक गृहस्थांना सांगणे एवढेच, की त्यांची हरकत नसेल तर त्यांनी कधी तरी सवड काढून यावे. माझ्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे, अजून चांगला चालतो. शेततळ्याचे पाणी मी आणून ठेवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका,
पंचवटी, नाशिक